तीन शिट्ट्या, बावीस वह्या

सगळ्यात आधी सांगून टाकते — माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. किती नव्हता, तर लग्नानंतरच्या पहिल्याच अमावास्येला सासूबाईंनी ओवाळून दारात टाकलेलं लिंबू मी उचलून आणलं आणि त्याचं सरबत करून सगळ्यांना पाजलं. कुणाला काही झालं नाही. मला बोलणी बसली, पण ती भुताकडून नव्हे.

या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते आणि खरं सांगू का, बरेचदा खुदकन हसतेही. माझ्या गोष्टीत पांढरी साडी नाही, पिंपळ नाही, गाडीला हात करणारी बाई तर नाहीच. लख्ख दुपार आहे, ऑक्टोबरचा महिना आहे, आणि हातात स्टीलची थाळी घेऊन बसलेली एक अतिशहाणी मास्तरीण आहे. ती मी. आणि शिट्ट्या म्हटल्यावर कुकर आठवला असेल तर तोही नाही.

नात मागे उभी राहून वाचते आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. "आजी, लोग बोलेंगे बुढ़िया फेंक रही है." बोलू देत. पस्तीस-छत्तीस वर्षं हे पोटात ठेवून मी काय मिळवलं?

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. हे चंदीगडच्या वैद्यकीय संस्थेत संशोधनाला आले, दोन वर्षांसाठी. ती दोन वर्षं अजून संपलेली नाहीत. मी एका शाळेत भूगोल शिकवायला लागले. वर्षं ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची, म्हणजे पंजाबातल्या दहशतवादाची. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कसं सांगावं... चौकाचौकात वाळूच्या पोत्यांमागे जवान उभे. बसमध्ये पाटी — बेवारस ट्रान्झिस्टर, डबा, पिशवी यांना हात लावू नका. संध्याकाळ झाली की दुकानांची शटरं खडाखड खाली. कुणाच्या दाराची कडी वाजली की घरातले सगळे आधी एकमेकांकडे बघायचे, मग दाराकडे. सकाळचं वर्तमानपत्र हे पहिल्या पानावरचा मेलेल्यांचा आकडा न बघता एकदम खेळाच्या पानावर उघडायचे.

आणि अशा दिवसांत तुमची ही बाई मुलांना डोंगरात घेऊन जायची!

वय एकतीस. डोक्याला ऊनटोपी, गळ्यात होकायंत्र, आणि अक्कल एवढी की टोपीतून बाहेर सांडायची. "पुस्तक मिटा, डोंगर उघडा" — हे वाक्य मी स्वतः रचलं होतं. फळ्यावर लिहून त्याखाली स्वतःच दोन रेघा मारल्या होत्या. जमीन जमिनीवर बसूनच शिकायची, असा माझा हेका. मुख्याध्यापिका बाई म्हणायच्या, "मिसेस देशमुख, माहौल देखिए." मी म्हणायचे, "मॅडम, माहौल देखते रहे तो बच्चे पहाड़ कब देखेंगे?" असली उत्तरं द्यायला मला फार आवडायचं. आता कुणी मला देतं तेव्हा कळतं किती झोंबतात.

तर, माझा लाडका प्रयोग होता 'कानाचा नकाशा'. प्रत्येक मुलाला डोंगरावर एक जागा. तिथे एकट्याने तासभर गप्प बसायचं आणि जो जो आवाज येईल तो वहीत लिहायचा — कसला, आणि कुठल्या दिशेने. होकायंत्र शाळेत एकच, म्हणून मी पुठ्ठ्याच्या तबकड्या केल्या होत्या, कडेने तीनशे साठ अंशांच्या खुणा. सकाळी आधी जाऊन प्रत्येक जागेवर एक तबकडी उत्तरेला नीट लावून दगडाखाली पक्की करायची. मुलाने फक्त आवाजाच्या रोखाने पेन्सिल ठेवायची आणि आकडा वाचायचा. सगळ्यांकडे घड्याळं नव्हती, म्हणून दर पंधरा मिनिटांनी मी थाळी वाजवणार. आवाज कितव्या थाळीनंतर आला ते वहीत टिपायचं. संध्याकाळी शाळेत येऊन सगळ्यांच्या रेघा एका मोठ्या नकाशावर मारायच्या. तुमच्या गच्चीतून देवळाचा कळस एका दिशेला दिसतो, शेजारणीच्या गच्चीतून दुसऱ्या दिशेला. दोघींनी आपापल्या रेघा ओढल्या की जिथे छेदतात तिथे देऊळ. तसंच. धबधबा कुठे, करवत कुठे चालली आहे, सुतारपक्ष्याचं झाड कुठलं — न बघता नकाशात सापडायचं. मुलं खूश व्हायची. मी तर काय, स्वतःवर फिदाच.

त्या वेळी बावीस मुलं होती, नववी-दहावीची. सोबत पीटीचे मल्होत्रा सर. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शाळेने दिलेली एक शिट्टी, आणि नियम सगळ्यांना पाठ — तीन वेळा शिट्टी म्हणजे 'मी संकटात आहे, या'. ऐकली की ज्याने ऐकली त्याने जायचं. हा नियमही माझाच.

परवानूच्या नाक्यावर बस थांबली. जवान आत चढणार तेवढ्यात मागच्या बाकावरच्या कुणीतरी गंमत म्हणून शिट्टी फुंकली. एकदम तीन रायफली बसकडे वळल्या. क्षणभरच. मग त्यांच्या हवालदाराने मला खाली बोलावून जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. मराठीत त्याला शब्द आहेत, पण हे सदर घरातले सगळे वाचतात. मी लालबुंद होऊन बसमध्ये चढले आणि बावीसच्या बावीस शिट्ट्या काढून माझ्या शबनम पिशवीत टाकल्या. मल्होत्रा सरांचीही घेतली. "मैडम जी, मेरी तो ड्यूटी की है!" "सर, आपकी भी." ते कालका येईपर्यंत... छे, कालका मागे गेलं होतं. धरमपूर येईपर्यंत रुसून बसले होते.

धरमपूरच्या पुढे मोठा रस्ता सोडून सात-आठ किलोमीटर आत जंगल खात्याचा एक जुना बंगला आहे. बंगल्याखालून खेचरांची पायवाट जाते, घोड्याच्या नालेसारखी वळलेली. नालेच्या मधोमध डोंगर एकदम खाली तुटतो, आणि ती एक घळ आहे — चीड आणि बान यांच्या झाडीने भरलेली, तळाशी ओढा. पायवाटेच्या कडेने माझ्या बावीस जागा होत्या, दोन जागांत चाळीस पावलं. मधोमध, बंगल्याच्या पायऱ्यांशी, थाळी घेऊन मी. पहिल्या जागेच्या टोकाला बसपाशी सर.

बाविसावी जागा हरलीनची. तिच्याबद्दल सांगायला हवं. सीमेकडच्या एका खेड्यातून दोन वर्षांपूर्वी आईबापांनी तिला चंदीगडला मावशीकडे ठेवलं होतं, शाळेसाठी आणि... सगळ्यांना कळेल कशासाठी. फार कमी बोलायची. जिथे जायचं तिथे शेवटी पोचायची, कारण मागे राहिलेल्याची पिशवी हिच्याच खांद्यावर असायची. मावशी सोडायला तयार नव्हती. मी घरी जाऊन चहा पिऊन, गोड बोलून परवानगी काढली होती. "मेरी ज़िम्मेदारी," असं म्हणून आले होते. एकतिसाव्या वर्षी हा शब्द फार हलका लागतो जिभेला.

साडेबाराला मी मुलांना जागेवर पाठवताना शेवटची सूचना दिली. मागच्या सहलीत दोघं जण उठून काफळाची रानफळं शोधायला गेली होती, म्हणून जरा तिखट आवाजातच — "कुछ भी सुनाई दे, उठना नहीं है. सिर्फ़ लिखना है. जो उठा, उसका ज़ीरो."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या तर आहेच.

तास शांत गेला. मी पायरीवर बसले होते, तेव्हा काय ऐकलं ते माझ्याही वहीत आहे: वारा, ओढा, कुऱ्हाडीचे घाव, दोनदा शीळ घालणारा कस्तूर. तो निळा-काळा पक्षी ओढ्याकाठी असतोच, आणि माणसाने मंजूळ शीळ घालावी तसा गातो. चार वेळा थाळी वाजवली. चौथ्या थाळीला मुलं उठून बंगल्याच्या व्हरांड्यात जमायला लागली.

एकवीस आली. हरलीन नव्हती. येईल मागून, नेहमीसारखी — असं मी म्हटलं. सगळ्यात लांबची जागा तिचीच तर होती. तोवर वह्या बघून घेऊ.

पहिली वही. दुसऱ्या थाळीनंतर — 'शिट्टी, तीन वेळा.' पुढे अंश.

दुसरी वही. दुसऱ्या थाळीनंतर — 'सीटी की आवाज़, तीन बार. फिर रुककर तीन बार.'

तिसरी. चौथी. सातवी. मी भराभर पानं उलटत गेले. एकवीसच्या एकवीस वह्यांत तीच नोंद! कस्तूर त्यात वेगळा लिहिलेला होता, 'चिड़िया' म्हणून, दुसऱ्या दिशेला. आणि ही शिट्टी वेगळी.

आता मी काय करायला हवं होतं ते तुम्ही सांगाल. लहान मूलही सांगेल. मी काय केलं? माझ्यातली परीक्षेला पर्यवेक्षण करणारी बाई फणा काढून उभी राहिली. नक्कल! सगळ्यांनी मिळून केलेली. सकाळी शिट्ट्या काढून घेतल्या म्हणून मुलांनी ठरवून घेतलेला सूड. तासभर एकटं बसायचं तर यांनी एकमेकांना सांगून वह्या भरल्या.

"शर्म नहीं आती? सीटियाँ सारी मेरे झोले में हैं, तो बजाई किसने?"

मी पिशवी उघडून व्हरांड्यातल्या टेबलावर ओतली. त्यांच्यादेखत मोजल्या. मुलांच्या बावीस, सरांची एक. मग प्रामाणिकपणा या विषयावर भाषण सुरू केलं... किती वेळ? मला वाटतं दहा मिनिटं. मल्होत्रा सर नंतर म्हणाले, वीस. त्यांना खोटं बोलायचं कारण नव्हतं.

अंजली नावाची मुलगी होती, एकविसाव्या जागेवरची. ती दोनदा हात वर करून गप्प झाली होती. तिसऱ्यांदा हात वर न करताच बोलली.

"मैडम, नंबर देखिए ना. सबके नंबर अलग हैं."

मी वह्या पुन्हा उघडल्या. नक्कल केली असती तर आकडेही उतरवले असते. पहिल्या जागेवरच्या मुलाचे शंभरच्या आसपास, मधल्यांचे एकशे ऐंशीच्या, अंजलीचे दोनशे पन्नासच्या. प्रत्येकाचा वेगळा. आणि अंजलीच्या वहीत त्या नोंदीखाली, माझ्याच शिकवणीप्रमाणे नीट निरीक्षण म्हणून लिहिलेली एक ओळ होती:

'हरलीन उठी. नीचे की तरफ़ गई.'

"तूने मुझे बताया क्यों नहीं?"

"आपने कहा था उठना नहीं है. सिर्फ़ लिखना है."

पोरीच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सर बाविसाव्या जागेकडे धावले. परत आले ते हरलीनची वही आणि डबा घेऊन. वहीत शेवटची नोंद — 'सीटी, तीन बार,' अंश, आणि पुढे घाईने: 'जा रही हूँ.'

दोन वाजून गेले होते. आम्ही पायवाटेवरून हाका मारल्या. घळ आवाज गिळून टाकायची. खाली ओढा एवढा गाजत होता की आपलीच हाक आपल्याला परकी वाटावी. बंगल्याचा चौकीदार, पन्नाशीचा पहाडी माणूस, कपाळावर हात धरून खाली बघत राहिला. "मैडम जी, ये जंगल में हम दस आदमी भी दिन भर घूमें, तो भी..." वाक्य त्याने सोडून दिलं. ऑक्टोबरात त्या घळीतलं ऊन चार-साडेचारला जातं. अंधार पडल्यावर त्या रस्त्याने बस न्यायची नाही असं तेव्हाच्या सगळ्याच ड्रायव्हरांचं पक्कं ठरलेलं, आणि आमचा बलदेवसिंग सकाळीच सांगून मोकळा झाला होता, "तीन मतलब तीन, मैडम जी. उसके बाद मैं किसी के बाप के लिए नहीं रुकता."

तेव्हा मुलांना जागा नेमून द्यायला सोबत आणलेला मोठा नकाशा मला टेबलावर दिसला. जागा आखलेल्या होत्याच, मीच मागच्या खेपेला पावलं मोजून आखल्या होत्या. मी पट्टी घेतली. अंजलीने ती धरली आणि मी पेन्सिल ओढली. एक मूल आकडा वाचायचं, आम्ही रेघ मारायचो. सहाव्या-सातव्या रेघेलाच दिसायला लागलं. शेवटची, बाविसावी रेघ हरलीनच्या वहीतली.

सहलींच्या त्या सगळ्या वर्षांत माझ्या रेघा कधी एका ठिकाणी मिळाल्या नाहीत. मुलं ती, अंदाज चुकायचेच. धबधब्यासारखा धबधबासुद्धा हातभर पसरायचा नकाशावर. त्या दिवशी बावीस रेघा रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्या जागेत मिळाल्या. आजही डोळे मिटले की तो ठिपका दिसतो — पेन्सिलीने गिरवून गिरवून काळा झालेला.

चौकीदाराने नकाशा फिरवून बघितला. "यहाँ? यहाँ तो कुछ भी नहीं, जी. घास काटने भी कोई नहीं जाता. नीचे उतरने का रास्ता ही नहीं है."

बस ओढायचा दोर घेऊन सर, चौकीदार आणि मी उतरलो. मुलांपाशी बलदेवसिंगला ठेवलं. मी जीन्स घालते म्हणून शाळेत कुजबुज व्हायची, त्या दिवशी तिचं सार्थक झालं. बाकी माझ्या शौर्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. निम्मा उतार मी बसूनच उतरले.

ती तिथेच होती. अगदी तिथेच. एका कड्याखाली पलंगाएवढा खडक पुढे आला होता, त्यावर. डावा पाय गुडघ्याखाली नको तसा वळलेला. ओठ पांढरे. ती हाका मारत होती, हे आम्ही पाच-सहा हातांवर पोचल्यावर कळलं. तोवर ओढ्याच्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं. वरून बघून तर जन्मात दिसली नसती. कडा तिच्यावर छपरासारखा होता.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मला वाटलं ती रडेल. तिने माझा हात धरला आणि विचारलं,

"मैडम, वो मिल गया?"

"कौन?"

"जो बुला रहा था."

मी म्हटलं, "हाँ हाँ, सब ठीक है." खोटं. तिला शांत करायला, आणि वेळ नव्हता म्हणून. सरांनी तिला पाठीवर बांधून घेतलं, चौकीदाराने दोर धरला, मी खालून आधार देत राहिले. वर यायला तासाहून जास्त लागला. दोन मोजपट्ट्या पायाच्या दोन बाजूंना बांधल्या. बलदेवसिंग बसच्या दारात उभा होता, तीन कधीच वाजून गेले होते. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "ओ जी, बच्ची को छोड़ के कौन जाता है? बैठो, बैठो."

परतीच्या वाटेवर तिचा पाय माझ्या मांडीवर होता. मी विचारलं, का उठलीस? मी सांगितलं होतं ना?

ती हळूहळू बोलत गेली. गावाकडे एकदा, दिवेलागणीला, कुणीतरी दार वाजवलं होतं. पाणी मागत होता. नुसतं पाणी. वडिलांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. घरातल्या कुणी श्वास घेतला नाही. तेव्हा तसंच होतं. दार उघडावं तर आत येणारा कोण, आणि न उघडावं तर बाहेर मरणारा कोण, कुणाला कळणार? बराच वेळ तो वाजवत राहिला. मग थांबला.

"सुबह मैं सबसे पहले उठी. बाहर कोई नहीं था. पर सीढ़ी गीली थी, मैडम. दादी मुझसे पहले धो चुकी थीं."

त्यानंतर ती झोपली. पिंजोरच्या पुढे अंधार पडला, दोन नाक्यांवर जवानांनी बॅटरी आत मारून तिचा पाय बघितला आणि न बोलता जाऊ दिलं. शाळेच्या फाटकाशी पालकांची गर्दी. त्यात तिची मावशी. त्या बाईने मला एक शब्दही विचारला नाही, ते मला अजून सहन होत नाही.

हरलीन बरी झाली. शाळेच्या अहवालात मी लिहिलं, 'पाय घसरला. वेळेवर शोध लागला.' नकाशाबद्दल एक अक्षर नाही. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "बस, इतना काफ़ी है."

आता हिशेब मांडा माझ्याबरोबर. मुलांनी शिट्टी ऐकली तेव्हा हरलीन तिच्या जागेवर बसलेली होती. तिच्याच वहीत नोंद आहे. म्हणजे तिने वाजवलेली नव्हे. शिवाय तिच्याकडे शिट्टी नव्हतीच. ह्यांनी नेहमीप्रमाणे शास्त्रीय खुलासे केले. कस्तूर? मुलांनी तो वेगळा ओळखला होता. एकाने कल्पना केली आणि बाकीच्यांना भास झाला? चाळीस पावलांवर, झाडीत, गप्प बसलेल्या मुलांना एकच भास, आणि तोही बावीस वेगवेगळ्या अंशांवरून एकाच ठिपक्यात मिळणारा? ह्यांनी दोन दिवस तो नकाशा टेबलावर ठेवला, मग गुंडाळून माझ्या हातात दिला. "कपाटात ठेव," म्हणाले. एवढंच.

आणि मी त्या सगळ्यांच्या मधोमध बसले होते. मला का नाही ऐकू आली? सरांना नाही, चौकीदाराला नाही. ऐकली ती फक्त मुलांनी. तीही अशा मुलांनी, की ज्यांना मी सांगितलं होतं — ऐका, पण उठू नका.

त्यानंतरही मी बरीच वर्षं मुलांना डोंगरात नेलं. सूचना फक्त बदलली: आधी उठा, मग लिहा. माझा कानाचा नकाशा त्यामुळे पार बिघडायचा. बिघडू दे.

हरलीन आता चंदीगडजवळ खरडला असते, एका शाळेत शिकवते. थंडीत किंचित लंगडते. मागच्या हिवाळ्यात आली होती, साग आणि मक्याची रोटी घेऊन; माझ्या पुरणपोळीला नावं ठेवत चार खाऊन गेली. धीर करून मी विचारलंच, तुला काय वाटतं गं, कोण होतं?

"पता नहीं, मैडम. पर मैं गई तो सही."

तिला तेवढं पुरतं. मला नाही पुरत, आणि या सदरात लिहायचं खरं कारण हेच आहे.

माझं डोकं अजूनही साताऱ्याच्या शाळामास्तराच्या मुलीचंच आहे. ते मला सांगतं, शिट्टी म्हणजे शिट्टी. ती कुणीतरी फुंकल्याशिवाय वाजत नाही. त्या घळीत त्या दुपारी कुणीतरी असेल. कुणी पडलेला, कुणी लपलेला, कुणी पाठलाग चुकवत आलेला. काळच तसा होता. आम्ही उतरलो, आम्हाला आमची पोर मिळाली, आणि आम्ही परत फिरलो. तो जिला बोलावत होता तिने मला स्पष्ट विचारलं, तो मिळाला का? मी हो म्हटलं. त्या खडकाच्या पलीकडे आम्ही पाच पावलंसुद्धा टाकली नाहीत. पाचव्या दिवशी माझं पत्र पोचल्यावर चौकीदार दोन माणसं आणि कुत्रा घेऊन उतरला होता. उलट टपाली त्याने कळवलं, काही नाही. माणूस नाही, कपडा नाही, पायाची खूण नाही. पण चौथ्या दिवशी तिकडे पाऊस होऊन गेला होता, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

म्हणून सांगते. तुमच्यापैकी ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी मला पटवून द्या, की ते भूत होतं. आत्मा म्हणा, रखवालदार म्हणा, डोंगराचा देव म्हणा, काय वाटेल ते नाव द्या. मी हसणार नाही. जन्मभर हसले, आता हात जोडून विचारते आहे. ते भूतच असू दे. कारण नसेल, तर त्या दुपारी घळीत दोघं होती, आणि मी एकीलाच घेऊन वर आले.